शिबिर संपल्यावर काय? हृदयासाठी झटणाऱ्या संस्थांचं खरं काम

गणपतीच्या मांडवाशेजारी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हृदयरोग तपासणी शिबिर भरतं. फ्लेक्स लागतो, दोन टेबलं मांडली जातात आणि दुपारपर्यंत शंभरेक लोकांच्या दंडाला पट्टा बांधून होतो. वीस-पंचवीस जणांचा रक्तदाब जास्त निघतो. त्यांना ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असं सांगून चिठ्ठी दिली जाते. अहवालात ‘लाभार्थी १००’ अशी नोंद होते. त्या वीस-पंचवीस जणांचं पुढे काय झालं, ते अहवालात नसतं, कारण ते कोणालाच ठाऊक नसतं.

हृदयविकार कमी करायला निघालेल्या संस्थेचं काम त्या चिठ्ठीपासून पुढे सुरू होतं. हे काम कंटाळवाणं असतं. याद्या करायच्या, फोन करायचे, गोळ्यांचा हिशेब ठेवायचा आणि महिन्यामागून महिने तेच पुन्हा करायचं. फोटो काढण्यासारखं त्यात फारसं काही नसतं.

संस्थांचे प्रकार बरेच आहेत. कुणी जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलतं, कुणी तंबाखू सोडवतं, तर कुणी खाद्यतेलाचे नियम बदलावेत म्हणून सरकारकडे पाठपुरावा करतं. या लेखात भर आहे रक्तदाबावर. वरचा आकडा, म्हणजे सिस्टोलिक दाब, औषधाने १० मिलिमीटरने उतरला तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण २० टक्क्यांनी घटतात. अनेक चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये हा निष्कर्ष निघाला. एवढा परिणाम साधणारी गोळी जुनी, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी आहे. तरीही देशात अंदाजे २२ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जेमतेम १२ टक्के लोकांचा तो आटोक्यात आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध आहे, ते देणारा दवाखानाही आहे, तरी बहुतेकांचा दाब चढलेलाच राहतो. संस्था काम करतात ते या गळतीवर.

कोणाचं काम कोणतं

महाराष्ट्रात याचं चांगलं उदाहरण म्हणजे भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम. नोव्हेंबर २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र अशा पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत तो सुरू झाला. आपल्याकडे पहिल्या टप्प्यात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटनेचं भारतातलं कार्यालय आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज’ ही ना-नफा संस्था असे भागीदार त्यात आहेत. २०२२ पर्यंत उपक्रम १३० हून जास्त जिल्ह्यांत पोचला होता आणि ३४ लाखांवर रुग्ण उपचार घेत होते.

यात डॉक्टर, सिस्टर, इमारत आणि गोळ्या सगळं सरकारचं आहे. संस्थेने वेगळा दवाखाना काढलेला नाही, आणि हे मुद्दाम आहे. दवाखाना संस्थेचा असला की अनुदान आटलं त्या दिवशी रुग्ण रस्त्यावर येतो. संस्था पुरवते ते सरकारी यंत्रणेला पटकन जमत नाही ते: जिल्ह्यात फिरून नोंदी तपासणारी माणसं, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, आणि आकडे वाचून ‘या केंद्रात गोळ्या संपल्यात, त्या केंद्रात मोजणी चुकतेय’ असं वेळेवर सांगणं.

या फिरत्या माणसांना उपक्रमात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक म्हणतात. क्षयरोगाच्या कामात वावरलेल्यांना हे पद ओळखीचं वाटेल, कारण पदासकट सगळी पद्धतच तिथून उचलली आहे. ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज’चे संस्थापक डॉ. टॉम फ्रीडन अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे प्रमुख होण्याआधी काही वर्षं भारतातच क्षयरोग कार्यक्रमात काम करत होते. अमुक तिमाहीत नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढच्या तिमाहीत काय झालं हे नावानिशी सांगायचं, ही क्षयरोगाच्या रजिस्टरची शिस्त रक्तदाबाला लावली. फरक एवढाच की क्षयरोगाचा कोर्स सहा महिन्यांत आटोपतो, रक्तदाबाची गोळी जन्मभराची.

पट्टा बांधण्यात काय चुकतं

सगळी इमारत मोजणीवर उभी आहे, आणि मोजणी सर्वांत जास्त बिघडते. नियम सोपे आहेत. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नको. लघवी करून यावं. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला, त्याची खालची कड कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर. मोजताना रुग्णाने आणि मोजणाऱ्यानेही बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं.

आता सकाळी अकराचं आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. बाकड्यावर तीस माणसं. आजी गावाकडून एसटीने आल्यात, स्टँडपासून चालत. पाठ टेकायला खुर्ची नाही, स्टूल आहे. लांब बाहीच्या पोलक्यावरूनच पट्टा बांधला जातो. मशीन घरघरत असताना सिस्टर विचारतात, ‘गोळ्या वेळेवर घेताय ना?’ आणि आजी उत्तर देतात. बोलण्याने आकडा दहाएक मिलिमीटरने चढतो. हात लोंबकळत ठेवला की तेवढाच, लघवी तुंबलेली असली की तेवढाच, पायावर पाय असला की २ ते ८. कपड्यावरून बांधलेल्या पट्ट्याचा तर भरवसाच नाही. ५ पासून ५० पर्यंत कितीही फरक पडू शकतो. सगळ्या चुका एकदम झाल्या म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही, पण १३२ असलेल्या आजी १५० म्हणून नोंदल्या जाऊ शकतात आणि त्यांना नको असलेली दुसरी गोळी सुरू होऊ शकते.

उलटही घडतं. रजिस्टरात ओळीने १३०/८०, १३०/८०, १४०/९०, १३०/८० दिसलं तर पर्यवेक्षक थांबतो. डिजिटल मशीन १३० इतक्या वेळा दाखवत नाही. खरे आकडे १३७, १२४, १५१ असे वेडेवाकडे येतात. शेवटी शून्य असलेल्या आकड्यांची रांग म्हणजे कुणीतरी अंदाजे लिहिलंय, किंवा मशीन बंद आहे आणि ते सांगायची चोरी आहे. मशीन बंद असण्याची कारणंही बहुतेक किरकोळ असतात: सेल संपले, नळी चिरली, पट्टा ढिला झाला. म्हणून उपकरणं देणगीत देणाऱ्यांनी मशीनबरोबर सुटे पट्टे, मोठ्या दंडासाठी मोठा पट्टा आणि सेल किंवा अडॅप्टर द्यावा. लहान पट्टा जाड दंडावर ताणून बांधला की आकडा जास्त येतो. पन्नास मशीनं आणि एकही मोठा पट्टा नाही, अशी देणगी फार वेळा पाहायला मिळते.

एका वेळच्या जास्त आकड्यावरून कुणाला रुग्ण ठरवत नाहीत. १४०/९० किंवा वर आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून खात्री करतात. १८०/११० च्या वर असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायचं. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली शक्ती जाणं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका.

गोळ्यांची शिडी आणि गोळ्यांचा हिशेब

उपक्रमाआधी प्रत्येक डॉक्टर आपल्या सवयीची गोळी लिहीत असे. एकाच तालुक्यात आठ-दहा प्रकारची औषधं लागत, प्रत्येकाचा साठा थोडा थोडा, त्यामुळे कोणतं ना कोणतं कायम संपलेलं. उपाय साधा होता. राज्यातल्या तज्ज्ञांनी बसून एकच शिडी ठरवायची आणि भिंतीवर लावायची. राज्यागणिक पायऱ्यांचा क्रम थोडा वेगळा आहे, पण नमुना असा: पहिली पायरी अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज एक. महिन्याने दाब १४०/९० च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टन ४० ची भर. तरी नाही, तर मात्रा वाढवायची. त्यानंतर क्लोरथॅलिडोन १२.५. त्यानेही आटोक्यात आला नाही तर मोठ्या रुग्णालयात. (ही शिडी डॉक्टरांसाठी आहे. भिंतीवरचा तक्ता पाहून घरी गोळी वाढवू नये. टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाही, अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, क्लोरथॅलिडोनने अंगातलं पोटॅशियम घटू शकतं.)

शिडीचा दुसरा फायदा कमी बोलला जातो. दाब १४६ आला की डॉक्टर म्हणतात, ‘थोडंच वाढलंय, मीठ कमी करा, पुढच्या महिन्यात बघू.’ पुढच्या महिन्यातही तेच. अशी वर्षं जातात. शिडी समोर असली की ‘थोडंच’ला जागा राहत नाही. गोळी नियमित घेतली असेल आणि आकडा १४० च्या वर असेल, तर पुढची पायरी.

आता हिशेब. समजा एका प्राथमिक आरोग्य केंद्रात १,००० रुग्ण नोंदले आहेत. ६०० जण फक्त अम्लोडिपिनवर, ३०० जण अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनवर, १०० जण तिन्हींवर. तीस दिवसांच्या महिन्याला अम्लोडिपिनच्या ३०,००० गोळ्या, टेल्मिसार्टनच्या १२,००० आणि क्लोरथॅलिडोनच्या ३,०००. तिमाहीला याच्या तिप्पट. त्यावर दर महिन्याला वाढणाऱ्या नव्या रुग्णांचा वाटा आणि खरेदी लांबली तर हाताशी असावा म्हणून आणखी एका तिमाहीचा साठा.

प्रत्यक्षात मागणी अशी केली जात नाही. औषधनिर्माता गेल्या वर्षीचा ‘खप’ पाहतो, त्यात दहा टक्के मिळवतो आणि पाठवतो. गेल्या वर्षी गोळ्या नोव्हेंबरातच संपल्या असतील तर डिसेंबर ते मार्चचा खप शून्य दिसतो. म्हणजे टंचाईमुळेच मागणी कमी दिसते आणि पुढल्या वर्षी पुन्हा टंचाई. हे चक्र तोडायला खपाचा आकडा बाजूला ठेवून नोंदलेल्या रुग्णांवरून मागणी काढावी लागते. संस्थेच्या माणसाने जिल्हा भांडारात बसून केलेली ही एक आकडेमोड दहा शिबिरांपेक्षा मोलाची ठरते.

गोळ्या पुरेशा असल्या की पुढचं पाऊल टाकता येतं: एका वेळी ३० दिवसांची गोळी. पूर्वी बऱ्याच ठिकाणी पाच-सात दिवसांचीच मिळायची. दर आठवड्याला मजुरी बुडवून फुकटची गोळी आणायला कोण येणार? एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस धरला तर ती गोळी फुकट नसतेच. २०२० च्या टाळेबंदीत अनेक जिल्ह्यांनी गोळ्या उपकेंद्रांतून आणि घरपोच दिल्या.

गर्दीचं गणितही इथेच येतं. १,००० रुग्णांनी महिन्यातून एकदा यायचं आणि केंद्र महिन्याला २५ दिवस चालू, तर रोज ४० जण. पण ‘बीपी-शुगरचा वार’ म्हणून फक्त बुधवार ठेवला, तर त्या दिवशी २५०. मग पाच मिनिटं शांत बसवणं, दोनदा मोजणं, सगळं हवेत जातं.

न आलेल्यांची यादी

दोन-तीन महिने गोळी घेतली की माणसाला बरं वाटतं. मुळात त्याला आधीही काही होत नव्हतं, कारण उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. ‘सवय लागेल’, ‘गरम पडते’, ‘आता नॉर्मल आलंय ना’ अशा कारणांनी गोळी सुटते. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे, ही गोष्ट पटवायला सर्वांत अवघड.

पूर्वी कागदी रजिस्टरात कोण आलं ते दिसायचं, कोण आलं नाही ते दिसत नसे. यासाठी ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज’ने ‘सिंपल’ नावाचं मोफत, खुलं अ‍ॅप बनवलं. रुग्णाला क्यूआर कोड असलेलं कार्ड मिळतं. सिस्टर कार्ड स्कॅन करतात, आकडा आणि गोळ्या टाकतात, पुढची तारीख आपोआप पडते. नेटवर्क नसलं तरी नोंद होते, रेंज आली की वर जाते. आणि रोज सकाळी तारीख उलटून गेलेल्यांची यादी समोर येते. नावावर बोट ठेवलं की फोन लागतो. फोननंतर तीनच पर्याय: येतो म्हणाले, नंतर आठवण करायची, यादीतून काढायचं. यादीतून काढताना कारण द्यावं लागतं, म्हणजे गाव सोडलं, खासगीत जातात, मृत्यू झाला वगैरे.

फोन कसा करावा यालाही तंत्र आहे. ‘तुम्ही का आला नाहीत?’ म्हटलं की पलीकडचा माणूस गप्प होतो किंवा खोटं बोलतो. भंडाऱ्याकडच्या एखाद्या गावात जुलै-ऑगस्टमध्ये, भातलावणीच्या (तिकडे ‘रोवणे’) दिवसांत केलेला फोन साधारण असा चालतो:

‘नमस्कार काकू, दवाखान्यातून बोलतेय. तुमच्या गोळ्या संपल्या असतील ना आता?’

‘संपल्या ना बाई, कधीच्याच. रोवणे सुरू आहेत, येऊ कधी?’

‘बरोबर आहे. मग तालुक्याला येऊच नका. गुरुवारी सकाळी नऊला तुमच्या उपकेंद्रात सिस्टर आहेत. तिथेच बीपी मोजतील, महिन्याच्या गोळ्याही देतील. गुरुवार जमेल?’

‘नऊला जमते. मग जाते वावरात.’

ओरडा नाही, उपदेश नाही. अडचण विचारली, जवळची जागा सांगितली आणि ठरावीक दिवस घेतला. गुरुवारी त्या उपकेंद्रात गोळ्या खरोखर असल्या पाहिजेत, नाहीतर काकू पुन्हा कधी फोन उचलणार नाहीत.

फोन न लागणाऱ्यांसाठी आशाताई. त्या गावातल्याच असल्यामुळे ‘नंबर बदललाय’, ‘मुलीकडे पुण्याला गेलेत’, ‘दारू वाढलीय’ हे त्यांना माहीत असतं. पण आशाताईंच्या डोक्यावर आधीच लसीकरण, गरोदर माता, सर्वेक्षणं असतात. घरभेटीचा मोबदला ठरवल्याशिवाय त्यांच्यावर आणखी एक यादी लादणं ही कार्यक्रम आखणाऱ्यांची नेहमीची चूक. दुसरी तशीच चूक म्हणजे दुहेरी नोंद: तीच माहिती संस्थेच्या अ‍ॅपमध्ये, सरकारी पोर्टलवर आणि वर रजिस्टरात. तीन ठिकाणी भरायचं म्हटलं की तिन्ही ठिकाणी अर्धवट भरलं जातं.

स्थलांतराचा पेच वेगळाच. मराठवाड्यातले ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे सातारा, सांगली, कोल्हापूरकडे जातात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. गावच्या केंद्राच्या यादीत ते ‘गैरहजर’, आणि फडावरच्या केंद्राला ते माहीतच नाहीत. टोळी निघण्याआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या हातात देणं आणि कुठल्याही केंद्रात चालेल असं कार्ड देणं, एवढंच यावर चालतं. त्यासाठी मुकादमाकडून निघायची तारीख आधी कळावी लागते, आणि ती कळते आशाताईंनाच.

टक्केवारीतली गंमत

संस्थेचा अहवाल वाचताना ‘आमच्या ६० टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात’ असं वाक्य आलं तर लगेच विचारा: कोणाच्या ६० टक्के?

या उपक्रमाच्या सुरुवातीच्या काळातलं, प्रसिद्ध झालेलं उदाहरण घ्या. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या २४ दवाखान्यांत २१,८९५ रुग्ण नोंदले होते. ठरलेल्या तिमाहीत त्यातले ११,२७४, म्हणजे ५१.५ टक्के, परत आले. परत आलेल्यांत दाब आटोक्यात असणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या भेटीच्या २६.३ टक्क्यांवरून ५९.८ टक्क्यांवर गेलं. हा भरघोस सुधार आहे, खोटा नाही. पण नोंदलेल्या सगळ्यांना भागाकारात धरलं तर आकडा होतो साधारण ३१ टक्के. दोन्ही आकडे खरे. पहिला सांगतो की गोळी काम करते, दुसरा सांगतो की निम्मी माणसं हातातून निसटली. संशोधकांनी दोन्ही छापले, हे त्यांचं मोठेपण. देणगीदारासाठीच्या पत्रकात बहुतेकदा एकच येतो.

म्हणून उपक्रमाच्या फलकावर तीन गट वेगळे दाखवतात: गेल्या तीन महिन्यांत आले आणि १४०/९० च्या खाली आहेत, आले पण वर आहेत, आलेच नाहीत. बारा महिने न आलेल्यांचा आणखी वेगळा गट. कोणत्या केंद्राला कशाची मदत हवी ते यातून कळतं. दुसरा गट मोठा असेल तर डॉक्टर पायरी चढत नाहीत किंवा मोजणी चुकते. तिसरा मोठा असेल तर गोळ्या, अंतर किंवा फोनाफोनीत खोट आहे.

याच्याही बाहेर एक भागाकार असतो. तीस हजार वस्तीच्या केंद्रात प्रौढ साधारण वीस हजार. चारात एकाला उच्च रक्तदाब धरला तर पाच हजार. (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि महिलांत २१ टक्के असं प्रमाण आढळलं.) नोंदले असतील हजार, तर चार हजार जण अजून दाराबाहेरच आहेत.

पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आरोग्याच्या कामाला हा मोठा झरा आहे. अडचण एवढीच, की कंपनीचं वर्ष मार्चला संपतं आणि रक्तदाब संपत नाही. जानेवारीत ‘उरलेला निधी मार्चआधी खर्चायचाय’ असा फोन आला की संस्था शिबिरं घेते किंवा यंत्रं विकत घेते, कारण तीन महिन्यांत तेवढंच होतं. परदेशी योगदान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी निधीवरही निर्बंध वाढले: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मोठ्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावातल्या लहान संस्थेने काम करायचं, ही जुनी पद्धत त्यामुळे बंद पडली.

‘आमचा सगळा पैसा थेट रुग्णापर्यंत जातो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेबद्दल जरा सावध राहावं. रक्तदाबाच्या कामात गोळी सरकारची असते. संस्थेचा खर्च म्हणजे फोन करणाऱ्या मुलीचा पगार, पर्यवेक्षकाचं पेट्रोल, अ‍ॅप सांभाळणारे दोघे-तिघे. तोच खर्च ‘वरखर्च’ म्हणून कापला की काम थांबतं आणि फ्लेक्स उरतो.

दवाखान्याबाहेरच्या लढाया, थोडक्यात

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं. साधारण दर सात मृत्यूंत एक. रक्तदाब हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार, हा समज अशा मोजणीशिवाय मोडला नसता. त्याच जिल्ह्यात २०१६ पासून चाललेलं ‘मुक्तिपथ’ अभियान तंबाखू आणि दारूवर काम करतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या हृदयाला एकट्या गोळीचा किती उपयोग होणार?

नियम बदलण्याचं काम सर्वांत संथ आणि सर्वांत दूरवर पोचणारं. वनस्पती तुपात आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात सापडणारी ट्रान्स फॅट रक्तवाहिन्यांना घातक असते. ग्राहक संघटना, डॉक्टर आणि संस्थांनी वर्षानुवर्षं रेटा लावला आणि खाद्यतेल-तुपातली तिची मर्यादा १० टक्क्यांवरून उतरत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. बेकरीतली खारी खाणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागलं नाही, तरी फायदा झाला. मिठाचं तसं नाही. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही मर्यादा लोणचं, पापड, फरसाण आणि सुक्या मासळीपुढे टिकत नाही. तिथे अजून घरोघरी सांगण्यावरच भिस्त आहे.

आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महाराष्ट्रातल्या वाचकाला एक गोष्ट ठाऊक हवी. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, बिल झाल्यावर नव्हे, दाखल होतानाच. अनेक छोट्या संस्था हीच एक सोबत करतात: दाखला काढून देणं, खाट रिकामी आहे का ते तपासणं, रुग्णाबरोबर त्या टेबलापर्यंत जाणं.

शिबिर घ्यायचंच असेल तर

मंडळांनी शिबिर घेऊ नये असं मुळीच नाही. फक्त तारीख ठरवण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्राशी बोलावं आणि तिथे पुरेशा गोळ्या आहेत का ते विचारावं. नसतील तर शिबिर पुढे ढकलावं. टेबलांपेक्षा पाठ असलेल्या खुर्च्या जास्त मांडाव्यात. तीस वर्षांवरच्या लोकांनाच बोलवावं. ज्यांचा आकडा जास्त येईल त्यांची नावं, फोन, आशाताईचं नाव एका यादीत घेऊन तिची एक प्रत त्याच संध्याकाळी केंद्राला द्यावी आणि एक प्रत मंडळाच्या दोघांनी ठेवावी. त्या दोघांनी तीन महिने, दर महिन्याला एक संध्याकाळ फोनसाठी काढावी. मग अहवालाची शेवटची ओळ काहीशी अशी लिहिता येते: तपासले १००, जास्त निघाले २४, पुन्हा मोजल्यावरही जास्त १७, केंद्रात नोंदले १३, तिसऱ्या महिन्यात गोळी न्यायला आले ९, उरलेल्या चौघांच्या घरी रविवारी जायचं आहे.